हातात एकावेळी किती कामं घ्यावीत? गोधडी, स्वेटर, क्रोशा… सगळंच अर्धवट

सुईदोरा (जुळे सोलापूर)

नवरात्राच्या आधीची आवराआवर काढली होती. दिवाणाच्या आतलं, कपाटावरचं, मशीनच्या पायाशी कोंबलेलं जे जे हाताला लागलं ते हॉलमध्ये सतरंजीवर मांडलं. अकरा पिशव्या निघाल्या. अकराही अर्धवट कामांच्या.

बाबांचा करडा स्वेटर मुंढ्यापर्यंत येऊन थांबलाय, तो गेल्या थंडीतला. देवघराच्या दाराचं क्रोशाचं तोरण आहे, सोळा चौकोन लागतात, नऊ झालेत. एका ब्लाऊजपीसवर कसुतीचं, म्हणजे धारवाडकडचं मोजून करायचं भरतकाम सुरू केलं होतं, एक बाही झाली. पुतणीच्या रुखवतात ठेवायची म्हणून मण्यांची रांगोळी घेतली होती. तिचं लग्न होऊन दीड वर्ष झालं. ती पिशवी उघडून मी बराच वेळ तशीच बसले.

भाचीला मार्गशीर्षात बाळ होणार आहे. बाळंतविडा माझ्याकडून, असं मीच सांगून ठेवलंय. तीन दुपटी, झबली, टोपडी आणि खणाची कुंची. दुपट्यांची कापडं कापून तयार आहेत, टाका एकही घातलेला नाही.

आणि सासूबाईंची गोधडी. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. स्वतःच्याच तीन नऊवारी एकावर एक घालून घेतली होती. धावदोरा कडेनं सुरू करून चौकोनात फिरत फिरत निम्म्यापर्यंत आलाय. सुई तिथेच खोचलेली आहे, दोरा ओवलेला आहे. ती घडी मी आजवर उलगडली नव्हती. आता पाहिलं तर सुई गंजलीय आणि तिच्याभोवती शेंगदाण्याएवढा तांबूस डाग पडलाय.

मला मनापासून विचारायचंय. एक काम संपल्याशिवाय दुसरं हातात घेऊच नये का? की तुम्ही सगळ्या अशीच चार-पाच कामं घेऊन बसता आणि तरी ती पूर्ण होतात? होत असतील तर कशी?

अक्कलकोटरोड

ताई, मी घरून क्रोशाच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे एकच काम धरून बसणं मला जमणारच नाही. पण मी तीनच्या वर जात नाही. एक तारखेचं, एक बिनतारखेचं आणि एक माझं स्वतःचं. चौथं सुचलं की कागदावर लिहून ठेवते, लोकर आणत नाही.

खरी गोष्ट पुढची आहे. प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी पाहिजेच. सुई कितीची, कितवी ओळ झाली, पुढची ओळ कोणती आणि लोकरीच्या लेबलवरचा लॉट नंबर. हे मी पोळून शिकले. एका बाळाचं पांढरं ब्लँकेट निम्मं करून ठेवलं होतं, मधे दुसरी घाईची ऑर्डर आली. महिन्याने परत घेतलं तेव्हा साडेतीनची सुई कुठे गेली ते आठवेना, तीनची घेऊन बसले. हाताला काही कळलं नाही. संपल्यावर जमिनीवर पसरलं तर वरचा भाग खालच्यापेक्षा चार बोटं अरुंद. सगळं उसवलं. त्या रात्री फार रडले होते, कारण तारीख दोन दिवसांवर होती.

लॉटचंही तसंच. एकाच रंगाचे दोन गुंडे दुकानात सारखे दिसतात. रंगवण्याचा घाणा वेगळा असेल तर विणल्यावर उन्हात पट्टा उमटतो. म्हणून काम सुरू करतानाच पुरेल एवढी लोकर एकदम घ्या.

नवीगाठ

वाचतेय. मी इंजिनिअरिंगला आहे, होस्टेलवर मॅक्रमे, म्हणजे दोऱ्यांना गाठी मारून केलेल्या शोभेच्या वस्तू करते. मला एकच काम सलग करायचा कंटाळा येतो म्हणून दुसरं सुरू होतं. हे चूक आहे का?

शिवणाच्या बाई

मी शाळेत तीस वर्षं शिवणकाम शिकवलं. तेव्हा मुलींना एकच सांगायची, हातातलं संपवा, मग पुढचं मागा. तेव्हा ते बरोबरच होतं, कारण तेरा वर्षांच्या मुलीला काम संपवण्याची चव कळली नाही तर ती पुढे सुई हातातच धरणार नाही. पण घर चालवणाऱ्या बाईला मी हा नियम सांगणार नाही. दिवसाचे तुकडे पडलेले असतात. कुकरच्या तीन शिट्ट्यांच्या वेळात जे होतं ते वेगळं आणि दुपारी सगळे झोपल्यावर जे होतं ते वेगळं.

नवीगाठ, कंटाळा आला म्हणून दुसरं घेतलंस तर काही बिघडत नाही. अडलं म्हणून दुसरं घेतलंस तर मात्र जपून. बहुतेक पिशव्या कंटाळ्यामुळे बंद होत नाहीत, अडल्यामुळे होतात. सुईदोरा, तुमचा स्वेटर मुंढ्यापाशीच का थांबला? तिथे टाके कमी करायचे असतात, हिशेब असतो. बघा आठवून.

स्वेटर परत घेताना आधी दोन ओळी उसवा. सुईवर वर्षभर राहिलेली ओळ ताणली जाते. तिथूनच पुढे विणलं की आडवी रेघ राहते आणि ती धुतल्यावरही पूर्ण जात नाही. पुढच्या वेळी काम बाजूला ठेवताना सगळे टाके एका जाड सुती दोऱ्यावर ओवून घ्या आणि सुई काढून टाका.

सुईच्या गंजाच्या डागाला लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवतात. पण जुन्या रंगीत लुगड्यावर लिंबानं रंगही उतरू शकतो. आधी आतल्या पदराच्या कोपऱ्यावर करून पाहा. आणि खरं सांगू, तो डाग मी काढला नसता.

सुईदोरा (जुळे सोलापूर)

बाई, तुम्ही बरोबर ओळखलंत. मुंढ्याचा हिशेब चुकला होता. डाव्या बाजूला सहा टाके कमी केले, उजव्या बाजूला आठ. कुठे चुकलं ते सापडेना म्हणून "उद्या बघू" म्हणाले, आणि त्याच रात्री तोरण सुरू केलं.

पूर्वभाग

ताई, मी पुरुष माणूस मधेच बोलतोय, पण हा धागा वाचून राहवलं नाही. आमचं घर साखर पेठेत, मागवाल्याचं. घरात तेलुगू बोलतो, त्यामुळे मराठी इकडेतिकडे झाली तर सांभाळून घ्या.

वडील मागावर चादरी विणायचे. मागावर एकदा बीम, म्हणजे ताण्याचे (उभे) धागे गुंडाळलेला रूळ चढला की तो संपल्याशिवाय दुसरा चढत नाही. हजारावर धागे फणीतून ओवलेले असतात, तेवढ्यासाठी कोण काढणार? फार तर वरचे जेकार्डाचे पुठ्ठे बदलतात, म्हणजे नक्षी बदलते, ताणा तोच. म्हणजे वडिलांचं काम एकावेळी एकच.

पण त्याच खोलीत आई कांड्या भरायची, म्हणजे आडव्या धाग्याच्या छोट्या नळ्या गुंडाळायची. बहीण उतरलेल्या चादरीच्या दशांना गाठी मारायची. दुपारनंतर आई विड्या वळायला बसायची. आता विडीचं बघा. तेंदूची पानं आदल्या दिवशी भिजवायची, ओलसर असतानाच पत्र्याचा साचा ठेवून कातरायची. वाळली की मोडतात. मजुरी हजार विड्यांवर, एक पान वाया गेलं तरी तिच्या जिवाला लागायचं. म्हणून पानं भिजवली असली की कांड्या बाजूला. कांडी निम्मी भरून ठेवली तरी तिचं काही बिघडत नाही, आठवड्यानं भरली तरी चालते.

मी लहानपणी विचारलो होतो तिला, तू सारखं एक सोडून दुसरं का धरतीस? ती म्हणाली, जे थांबतं ते थांबतंय की. मला वाटतं तुमच्या अकरा पिशव्यांत पण काही थांबणाऱ्या असतील, काही नसतील.

अक्कलकोटरोड

दादा, आमच्या क्रोशाचं हेच आहे! क्रोशात कधीही बघा, उघडा टाका फक्त एक असतो. तेवढ्या एका फासात सेफ्टी पिन अडकवली की काम वर्षभर तसंच राहतं. एसटीत, दवाखान्याच्या रांगेत, लाईट गेल्यावर अंधारात, कुठेही खाली ठेवा. दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळच्या ओळ उघडी असते, सुई सटकली की टाके घरंगळत खालपर्यंत जातात. मागावर तर सगळा ताणाच उघडा. हे कधी असं ओळीनं डोक्यात आलंच नव्हतं.

धारवाडची लेक

माझं माहेर धारवाडकडचं, लग्न होऊन सोलापूरला आले त्याला बावीस वर्षं झाली. सुईदोराताईंची एक बाही राहिलीय म्हणून लिहिते.

कसुतीत गाठ मारत नाहीत आणि साचा छापून घेत नाहीत, कापडाचे धागे मोजून टाका घालायचा. गवंती हा त्यातला एक टाका, त्यात सुई पुढे जाते तेव्हा एक टाका दिसतो, एक रिकामा राहतो. मग त्याच वाटेनं परत यायचं आणि रिकाम्या जागा भरायच्या. म्हणून पुढून जशी नक्षी तशीच मागून. आता गंमत नाही, अडचण सांगते. जातानाच्या वाटेवर काम सोडलं तर आठ दिवसांनी परत कोणत्या फांदीनं यायचं ते आठवत नाही. मोठ्या गोपुराच्या नक्षीत फांद्याच फांद्या असतात. कुठेतरी एक फांदी भरायची राहते, दोरा पुढे निघून जातो आणि मग मागून लांब आडवा दोरा घ्यावा लागतो. आमच्याकडे कसुती जाणणारी बाई कापड हातात घेतलं की आधी उलटं करून बघते.

माझी आजी म्हणायची, परत आल्याशिवाय उठू नकोस. दारात कुणी आलं तरी चालेल, तेवढी फांदी भरून मगच उठायचं. म्हणून मी कसुतीला सकाळी सात ते आठचाच वेळ देते. उजेड खिडकीतून सरळ येतो, धागे मोजता येतात आणि घर अजून शांत असतं. मुरगी हा दुसरा टाका पण तसाच, पायऱ्या पायऱ्यांनी जाऊन परत येते. नेगी म्हणजे साधा धावता टाका आणि मेंथी म्हणजे फुलीचा टाका. ही दोन्ही मधे सोडली तरी सापडतात.

ताई, तुमची दुसरी बाही राहिली असेल तर पहिली बाही समोर ठेवूनच मोजा. आठवणीवर जाऊ नका.

नवीगाठ

मला आता माझ्या मॅक्रमेचं कळलं. सगळ्या दोऱ्या काठीला लोंबकळत असतात, म्हणजे मागासारखंच! रूममेटनं एकदा भिंतीवरून काढून घडी घातली तर गुंता सोडवायला दोन दिवस गेले. आता दोऱ्यांची छोटी छोटी बंडलं करून रबर लावते.

मीठभाकरी

माझं मत वेगळं आहे. अर्धवट कामं मनावर ओझं असतात. रुखवताची रांगोळी, जिचं लग्न होऊन गेलं, ती पूर्ण करून काय करणार? मोडा आणि मणी डब्यात भरा. मी दर दिवाळीला पिशव्या काढते आणि जे तीन महिन्यांत हातात घेतलं नाही ते उसवते. लोकर वाया जात नाही. उसवलेली लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात भिजवून सावलीत टांगायची. मुरडलेली लोकर सरळ होते आणि परत नवी घेता येते.

सुईदोरा (जुळे सोलापूर)

मीठभाकरीताई, तुमचं वाचून आधी वाईट वाटलं. दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग काल रांगोळी मोडली. मणी मापाप्रमाणे वेगळे केले. पुतणीला फोन करून सांगितलं की तुझ्यासाठी करत होते, झाली नाही. ती म्हणाली, काकू, मला तुझ्या हातचं दारावरचं तोरणच पाहिजे. त्या मण्यांचं करणार आहे. पण बाळंतविडा झाल्यावर.

उरलेल्या दहा पिशव्या पूर्वभागदादांच्या आईंच्या हिशेबानं लावल्या. जे थांबत नाही ते खालच्या कप्प्यात, हाताशी. दुपटी, झबली, टोपडी, कुंची. बाळ कुणासाठी थांबणार? त्यांच्यासोबत कसुती, कारण बघितलं तर माझा दोरा खरोखरच जातानाच्या वाटेवर सोडलेला होता. रविवारी पहाटे बसून तेवढी फांदी भरली. मागून एक आडवा दोरा राहिलाच, तो राहू दिला.

क्रोशाचं तोरण पर्समध्ये. सात चौकोन राहिलेत, एकेक चौकोन तळहाताएवढा, सात रस्त्याला रिक्षाची वाट बघताना दोन ओळी होतात.

स्वेटरचे टाके दोऱ्यावर ओवून ठेवले, बाईंनी सांगितलं तसं. थंडी पडली की. उन्हाळ्यात तर तो मांडीवर घेणं शक्यच नसतं, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बेचाळीसच्या पुढे पारा असताना लोकर अंगावर नको होते आणि घामानं हात चिकटतात. म्हणजे ते काम तसंही सहा महिन्यांचंच.

एक गोष्ट बाहेरच्या गावच्या लोकांना पटणार नाही, पण सोलापूरकरांना कळेल. दुपट्यांच्या आतल्या थराला जुनी सुती साडी लागते आणि ती धुऊन, खळ काढून घ्यावी लागते. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. पाणी येईल त्या दिवशी भरणं, घरातलं धुणं, सगळं एकदम, त्यात या साड्या. सुती कापड पहिल्या भिजवणीत आटतं, म्हणून न धुता आत घातलं तर दुपटं धुतल्यावर सगळीकडून गोळा होतं. तेव्हा माझ्या कामाचं पहिलं वेळापत्रक नळ ठरवतो. तांबड्या साडीला ओला पांढरा रुमाल चोळून पाहिला, रंग लागला. ती बाळासाठी घेतली नाही.

अक्कलकोटरोड

+१ पाण्याच्या दिवसाला. त्या दिवशी मी सुई हातातच घेत नाही.

मला पण संक्रांतीच्या आधीची धडकी आहे. सिद्धेश्वरांच्या यात्रेला घरातल्या दोघांच्या पांढऱ्या बाराबंदी, म्हणजे बंद बांधून घालायचे अंगरखे, नव्या शिवायच्यात, आणि नेमक्या त्याच दिवसांत बोरन्हाणाच्या ऑर्डरी येतात. बाराबंदीचे बंद मी आत्तापासून शिवून ठेवतेय, रोज चार. ते थांबतात.

सुईदोरा (जुळे सोलापूर)

एक पिशवी कुठल्याच कप्प्यात ठेवता येत नाहीये. सासूबाईंची गोधडी.

त्यांचा टाका बघितला. तांदळाच्या दाण्याएवढा, आणि दोन ओळींत एका बोटाचं अंतर, सगळीकडे तेवढंच. त्या मंगळवार बाजारातून आल्या की पाय पसरून बसायच्या, बोटात अंगुस्तान, आणि बोलत बोलत ओळ संपवायच्या. माझा टाका मोठा पडतो. निम्मी गोधडी त्यांची आणि निम्मी माझी, ते दिसणारच. नणंद म्हणते आहे तशी जपून ठेव. मुलगा म्हणतो मला पांघरायला दे. मी काय करू?

मीठभाकरी

ही उसवू नका. माझा नियम याला नाही.

शिवणाच्या बाई

पांघरायची वस्तू आहे ती. नणंदबाईंचं मन मी समजू शकते, पण कपाटात घडीवर राहिलेलं सुती कापड घडीच्या रेषेवर आधी विरतं. जपायचीच असेल तरी दर काही महिन्यांनी घडी बदलून घाला आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा.

पुढे शिवायची ठरवलीत तर त्यांच्यासारखा टाका घालायला जाऊ नका. चार ओळी जमेल, पाचवीला हात आपल्या सवयीवर येतो आणि मग मधेच ओढ पडते. तुमचा टाका जसा येतो तसाच घाला, फक्त पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा. आधी उरलेल्या भागावर एकेक वितीवर कच्चा टाका मारून घ्या, दोन वर्षांत आतले पदर सरकले असतील.

पूर्वभाग

ताई, मागावरचं अजून एक सांगायचं राहिलं होतं. जुना बीम संपत आला की शेवटची टोकं काढून टाकत नाहीत. ती फणीत तशीच ठेवतात. नवा बीम मागे बसवतात आणि जुन्याच्या एकेका धाग्याला नव्याचा एकेक धागा गाठ मारून जोडतात. हजारावर गाठी. आमच्याकडे हे काम वडील आणि काका समोरासमोर बसून करायचे, दिवस जायचा. राखेचं बोट लावून चिमटीत धागा पिळायचे, कारण घामानं गाठ सरकते. मग हळूच पुढे ओढून घेतात, गाठी फणीतून पलीकडे येतात आणि तिथून नवी चादर सुरू होते.

तुमच्या सासूबाईंच्या सुईतला दोरा किती शिल्लक आहे बघा.

सुईदोरा (जुळे सोलापूर)

चार बोटं.

सुईदोरा (जुळे सोलापूर)

बऱ्याच दिवसांनी धागा वर आणतेय. भाचीला मुलगी झाली, दोघी छान आहेत. तीनपैकी दोन दुपटी वेळेवर पोचली, कुंचीही. तिसरं दुपटं बाराव्याच्या सकाळी टीप घालून दिलं, हातशिलाई झाली नाही. तोरणाचे सोळा चौकोन झालेत, जोडायचेत. स्वेटर बाबांनी संक्रांतीला घातला. मुंढा दोन्हीकडे सात-सात टाक्यांचा केला आणि बरोबर बसला.

गोधडीची सुई निघेना. तेलाचा थेंब सोडून, फिरवत फिरवत काढली. ती एका डबीत ठेवली आहे. डागाला हात लावला नाही. त्यांचा पांढरा दोरा चार बोटं होता, त्याला माझा निळा दोरा गाठ मारून जोडला आणि गाठ आतल्या पदरात ओढून घेतली. नणंद आली होती, तिनं गाठीवरून बोट फिरवून पाहिलं आणि दुपारभर माझ्याजवळ बसून दोन ओळी स्वतः घातल्या. तिचा टाका अगदी आईसारखा आहे.

निळ्याच्या नऊ ओळी झाल्यात. बाई, तुम्हाला विचारायचंय, कोपऱ्यावर वळताना वरच्या लुगड्याला सुरकुती येतेय. सासूबाईंच्या एकाही कोपऱ्यावर नाहीये.

शिवणाच्या बाई

कोपऱ्यावर आधीची ओळ गाठायच्या एक बोट अलीकडे थांबा. सुई खाली, पदरातच राहू दे. आता सुई न फिरवता गोधडी फिरवा. मधून बाहेरच्या बाजूला तळहातानं दोनदा सारखी करा आणि वळल्यावरचा पहिला टाका ओढू नका, सैल ठेवा. हे मांडीवर जमत नाही, जमिनीवर पसरूनच करा.